चढताना जो गिअर, उतरताना तोच

श्टुटगार्ट,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसलास ना? मलाही लिहिताना हसू आलं. व्हॉट्सॅपवर आपण रोज बोलतो, तरी हे कागदावर लिहिते आहे. फोनवर तू मधेच बोलतोस आणि माझा मूळ मुद्दा राहून जातो. शिवाय या पत्रात एक कबुली आहे. अठ्ठावीस वर्षं झाली तिला, आणि तोंडावर द्यायचं धाडस मला अजून नाही. ती पुढे येईल. आधीच पानं उलटून बघू नकोस.

गुरुवारी तू दसऱ्याचा फोटो पाठवलास. पुढे तुझी नवी गाडी, मागे कंपाउंडच्या भिंतीला चिकटून आपली जुनी मारुती झेन. दोघींना झेंडूचे हार. नवीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. झेनला हार होता, पण चाकाखाली लिंबू नव्हतं. मी फोटो मोठा करकरून पाहिला. जागची हलणारच नाही तर लिंबू कशाला, असंच ना? आणि खाली तुझी ओळ, ‘हिचा हा शेवटचा दसरा.’

तुझा हिशोब मला मान्य आहे. १९९६ची गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करत आपण तिला इथवर आणलं, ते २०२६ला संपतंय. वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाची फी आता दहा हजार, वर ती नवी नंबरप्लेट, खालून पत्रा सडलेला, आणि चालवणारं घरात कोणी नाही. तुझे गुडघे, वहिनीला ऑटोमॅटिकची सवय, आणि तुझ्या लेकीने तर क्लच कशाशी खातात हेही पाहिलेलं नाही. विकू नकोस असं मी म्हणणार नाही. इथे बसून भावनिक व्हायला काय जातंय, हार घालायला आणि धूळ पुसायला तूच असतोस. फक्त डिसेंबरपर्यंत थांब. का थांबायचं, त्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

तुला आपलं नाशिकचं तपोवन आठवतं? आत्ताचं नाही, तेव्हाचं. १९९१-९२चा कुंभमेळा उरकला होता आणि साधुग्रामची जागा पुन्हा मोकळी पडली होती. १९९३चा उन्हाळा, माझी बारावी नुकतीच झालेली. अण्णा रविवारी सकाळी साडेसहाला मला आपल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत बसवून तिकडे नेत. तू माझ्या आधी शिकला होतास, म्हणून मागे बसून नाकातल्या नाकात हसायचा हक्क तुझा.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. पुढची सीट सलग, बाकासारखी, उन्हात रेक्झिन पोटऱ्यांना चिकटायचं. थंडीत चोक ओढल्याशिवाय उठायचं नाव नाही. आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी चालती असताना पहिला टाकायला गेलं की करवत चालवल्यासारखा आवाज यायचा. अण्णा ओरडत नसत. खिडकीबाहेर बघत म्हणत, ‘गाडी दात खातेय बघ.’ ओरडले असते तर परवडलं असतं.

मग त्यांनी मला डबल क्लच शिकवला. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, एक्सलेटरला एक टिचकी मार, पुन्हा क्लच दाब, आता टाक. सहा गोष्टी, आणि त्या एका दमात व्हायला हव्यात. माझ्या पहिल्या चारपाच रविवारांत एकदाही झाल्या नाहीत. ‘त्याला ढकलू नकोस, बोलाव,’ असं ते गिअरबद्दल म्हणायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरीच. मग एका सकाळी, गोदेच्या बाजूच्या त्या उतारावर, टिचकी नेमकी बसली आणि दांडी माझ्या हाताखालून लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. काही आवाजच नाही. मी अण्णांकडे पाहिलं. ते बाहेरच बघत होते, पण तू मागे हसायचा थांबला होतास.

आज मला या सगळ्याची यंत्रविद्या ठाऊक आहे. सिंक्रो म्हणजे शंकूसारखी घासलेली एक रिंग. ती आधी घासत दोन्हींचा वेग जुळवते, मग दात गुंततात. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला ती नव्हती, म्हणून तिचं काम माझ्या पायांनी आणि कानांनी करायचं होतं. एवढं साधं. पण तेव्हा कोणी असं समजावलं असतं तर मला कळलं नसतं. ‘बोलाव’ म्हटल्यावर कळलं.

गंमत कशाची वाटते सांगू? हा माणूस रोज सकाळी ओझरला एचएएलच्या बसने जायचा आणि दिवसभर आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाचा सांगाडा जोडायचा. आणि रविवारी आपल्याला त्र्यंबकला न्यायचा तेव्हा काटा साठच्या वर जाऊ द्यायचा नाही. ‘अण्णा, मिग असती तर आत्तापर्यंत दर्शन घेऊन परत आलो असतो,’ असं तू एकदा म्हणालास आणि महिरावणीच्या पुढे तुला खाली उतरवून त्यांनी शंभर पावलं चालायला लावलं, ते विसरला नसशील. परवा, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. इथे मी मोबाइलवर तो सोहळा पाहत होते आणि सारखं वाटत होतं, अण्णा असते तर टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसले असते आणि तोंडातून एक शब्द काढला नसता.

कसाऱ्याचा नियम मात्र त्यांनी तोंडाने सांगितला, आणि एकदाच. मुंबईला मावशीकडे निघालो होतो. इगतपुरी सोडली, घाटनदेवीला थांबलो, नारळ फोडला. ट्रकवाले रांगेने उतरून हात जोडत होते. अण्णा मला म्हणाले, ‘देवी तिचं काम करते, आपण आपलं करायचं. ज्या गिअरमध्ये हा घाट चढतेस, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलमध्ये उतरणारा पेट्रोल वाचवतो आणि बाकी सगळं घालवतो.’ पुढे खाली एका वळणावर एक ट्रक उभा होता, चाकांतून धूर, आणि ब्रेकच्या जळक्या लायनरचा तो कडवट वास. ड्रायव्हर दगडावर बसून बिडी ओढत होता. त्याचे हात थरथरत होते, हे मला गाडीतूनही दिसलं. शेजारून रेल्वे चढत होती. १:३७चा चढ तो, तिलासुद्धा कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं, बँकर, लावावी लागतात. अण्णा म्हणाले, ‘बघ, एवढ्या मोठ्या गाडीलाही एकटीला जमत नाही.’ पुढे कल्याण येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मग १९९६ला झेन आली आणि आपलं घर बिघडलं. तुझं आणि माझं तरी.

लोकांना आज कळणार नाही की ती काय चीज होती. ९९३ सीसीचं इंजिन, सगळं अॅल्युमिनियमचं, पन्नास हॉर्सपॉवर. आजच्या माणसाला पन्नास म्हटलं तर तो विचारेल, स्कूटर का? पण गाडीचं वजनच साडेसातशे किलोच्या आसपास, आणि पाच गिअर! पद्मिनीनंतर तो जमिनीतून वर आलेला, मनगटाएवढ्या अंतरावर फिरणारा गिअर म्हणजे लोखंडी कुलपानंतर हातात शिट्टी आल्यासारखं होतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायला हात लागायचाच नाही, दोन बोटं पुरत. तिसऱ्यात ती ऐंशीच्या पुढे गायला लागायची. आरपीएमचा काटा नव्हता आपल्या झेनला, त्यामुळे कधी बदलायचा ते कानांनीच ठरायचं. आवाज सरळ वर चढत जातो, मग एका ठिकाणी किंचित कडक होतो. तिथे क्लच. ते ठिकाण मला आजही कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी गाऊन दाखवता येईल.

वेगाचं वेड अण्णांकडून आलं नाही. ते तुझ्याकडून आलं, आणि आईला हे वाचून दाखवताना एवढी ओळ गाळ. गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढे तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. रात्री नऊनंतर रस्ता आपल्या बापाचा. तूच मला शिकवलंस की वळणाच्या आत ब्रेक मारायचा नसतो, आधी मारायचा, गिअर आधी उतरवायचा आणि वळणात गाडीला ओढत न्यायचं. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेने एक्सलेटरला टिचकी मारायची तुझी ती कसरत मला जमायला दोन महिने लागले आणि त्यात आईची एक चप्पल गेली. रॅली बघायला जिप्सी आणि एस्टीमच्या मागे आपण धूळ खात उभे राहायचो, आणि घरी येऊन तू जेवणाच्या ताटातल्या वाट्यांनी वळणं समजावायचास. आमटीची वाटी म्हणजे नेहमी हेअरपिन.

मामाच्या जीपबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल. गिअरची दांडी हातभर लांब, इंजिन सुरू केलं की ती नुसती कापायची, आणि तिसरा शोधायला दिंडोरीपासून वणीपर्यंतचा रस्ता पुरायचा नाही. ती जोरात चालायची नाही, पण जोरात चालल्यासारखी वाटायची, तेही खोटं नव्हे. गल्लीतल्या डॉक्टरांची इसुझूच्या इंजिनाची कॉन्टेसा मी एकदाच चालवली, तीही त्यांना दवाखान्यात सोडायला. सोफ्यावर बसून कोणी वाडा ढकलतंय असं वाटलं. मोठी गाडी, मान्य. पण माझं मन लागलं नाही.

आता ती कबुली.

ऑगस्ट १९९७. तुला नोकरी लागून दोनच महिने झाले होते. त्या संध्याकाळी चारला तू झेन घेऊन गेलास, बँकेत काम आहे म्हणून, आणि सातला आलास. बँक चारला बंद व्हायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी काही बोललं नाही. तू वहिनीला घेऊन सोमेश्वरला गेला होतास. (वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर नमस्कार.) आठला मी किल्ली मागितली, मैत्रिणीला पाथर्डी फाट्यावर सोडून येते म्हणून. सोडलं तिला, खोटं नाही. पण फाट्यावर आल्यावर गाडीचं नाक मुंबईच्या दिशेला होतं, पाऊस थांबला होता, आणि दुपदरी रस्ता काळा कुळकुळीत चकाकत होता. मी घोटीपर्यंत गेले. एकटी. तिथे एक चहा घेतला, टपरीवाल्याने दोनदा मागे बघितलं की गाडीतून आणखी कोणी उतरतंय का, आणि परत निघाले.

वाडीवऱ्हे यायच्या आधी समोरून एक ट्रक आला, लाइट वर करून. मी डिपर दिला, त्याने खाली केला नाही. मी एकशे दहावर होते. दोन क्षण काहीच दिसलं नाही, आणि ट्रक गेल्यावर दिसली ती ट्रॅक्टरची ट्रॉली. माझ्याच बाजूला, माझ्याच दिशेने चाललेली, भाताची पोती भरलेली, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, एक गोणपाट लोंबतंय एवढंच. मी ब्रेकवर उभी राहिले. ओला रस्ता, चाकं धरली, आणि गाडी सरळच घसरायला लागली. स्टिअरिंग फिरवलं तरी ती ऐकेना.

त्या वेळी मी काय केलं हे मी ठरवून केलं असं म्हणणं खोटं होईल. पाय ब्रेकवरून उठला, हात गेला आणि तिसरा पडला. टिचकीसकट. इंजिन किंचाळलं, पुढची चाकं फिरायला लागली, गाडीने पुन्हा ऐकलं, आणि मी डावीकडे मुरमात उतरले. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर खडूने लिहिलेला हिशोब मला वाचता आला, दादा. एवढ्या जवळून गेले. मग खण्ण आवाज झाला आणि थांबले.

डाव्या बाजूचा पत्रा मैलाच्या दगडाला घासला होता. इंडिकेटर गेला, फेंडर आत गेलं. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नाही, तो गाणं म्हणत पुढे निघून गेला. मी तिथे किती वेळ बसले ठाऊक नाही. बेडकं ओरडत होती. खाली उतरून बघितलं तर फेंडरवर पिवळा रंग लागलेला. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा माथा पिवळा असतो ना, तोच. सोमेश्वरला किंवा पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत असा पिवळा दगड नाही. म्हणून घरी आल्यावर अंधारात, फडक्याला पेट्रोल लावून मी तो रंग पुसला. उरला तो नखाने काढला. इतकी पूर्वतयारी कुठला चोर करत असेल?

सकाळी अण्णांनी फेंडर पाहिलं. काही न बोलता आपल्याला दोघांना बाहेर बोलावलं. मी म्हटलं, ‘मी तर पाथर्डी फाट्यापर्यंतच गेले होते.’ आणि तुझा चेहरा पडला. सोमेश्वरला तुम्ही दोघं धबधब्याकडे असताना पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकलं असणार आणि तुझं लक्ष गेलं नाही, असं तूच मनात ठरवून टाकलंस. बोलणार काय, बँकेच्या पार्किंगला धबधबा कुठून आणणार! तू म्हणालास, ‘माझ्याकडून लागली असेल.’ अण्णांनी तुझ्याकडून किल्ली काढून घेतली, गणपती होईपर्यंत. मी बाजूला उभी राहून तुळशीला पाणी घालत होते. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने रंगाची छटाही नीट जुळवली नाही. आजही उन्हात ते फेंडर वेगळं दिसतं. दसऱ्याच्या फोटोतही दिसलं. मी फोटो मोठा करून लिंबू शोधत होते असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे.

त्या रात्रीनंतर मी जोरात चालवायचं सोडलं असं काही नाही. पंधरा दिवस सोडलं. पण रात्री दुपदरी रस्त्यावर ऐंशीच्या पुढे पुन्हा कधी गेले नाही, आणि समोरच्याने लाइट वर ठेवला की आधी एक्सलेटर सोडायला शिकले. तुझ्या लेकीला गाडीचं कौतुक सांगशील तेव्हा ही ट्रॉलीही सांग. बाकी सगळं ती इन्स्टाग्रामवर शिकेलच.

आता इथलं थोडं.

इथे आले तेव्हा पहिले तीन महिने माझ्या डाव्या हाताची बोटं सुजलेली असायची. इथे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पाय बरोबर चालत, कारण पेडलांचा क्रम तोच. पण क्लच दाबला की डावा हात आपणहून गिअर घ्यायला जायचा आणि धाडकन दारावर आपटायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतले बघत. बाई स्वतःच्याच दाराला का मारतेय?

ऑटोबानबद्दल सगळे नातेवाईक विचारतात, म्हणून सांगते. कित्येक पट्ट्यांवर खरंच वेगमर्यादा नाही, १३०ची फक्त शिफारस आहे. कामाच्या गाडीतून मी दोनशेच्या पुढे गेले आहे. आठ गिअरची ऑटोमॅटिक, काचा बंद, सीट गरम. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही, दादा. शेजारी बसलेला सहकारी सँडविच खात होता. त्याचा तुकडाही सांडला नाही. विल्होळीच्या पुढे नव्वदला झेन जशी अंगावर यायची, पद्मिनीच्या त्रिकोणी काचेतून जसा वारा कानात शिरायचा, तसलं इथे दोनशेलाही नाही.

एक जागा मात्र आहे. इथून उल्मकडे जाताना ए-८ हा रस्ता श्वेबिश आल्ब नावाच्या पठारावर चढतो. आपल्याकडे आता कसाऱ्याला जुना आणि नवा असे दोन घाट आहेत, तसंच तिथेही चढायचा रस्ता वेगळा आणि उतरायचा वेगळा. मध्ये दरी, झाडी, वळणं, आणि बंधन घातलेला वेग. पहिल्यांदा त्या उतरणीला लागले आणि हात आपोआप गेला, मॅन्युअलमध्ये टाकून गिअर खाली घेतला. शेजारच्याने विचारलं, गाडी स्वतः करते की, तू कशाला? मी त्याला घाटनदेवी कशी समजावणार?

आणि आता जे सांगते ते तुला फोनवर कधी नीट सांगता आलं नाही. तू नेहमी विचारतोस, तू तिथे नेमकं करतेस काय, आणि मी ‘गिअरबॉक्स’ म्हणून विषय संपवते. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरवर काम करते. गाडीने कधी गिअर चढवायचा, कधी उतरवायचा, कधी गप्प बसायचं, हे आमचा गट ठरवतो. दोन क्लचवाल्या गिअरबॉक्समध्ये तर एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. एक चालू असतो तेव्हा पुढचा आधीच गुंतवून ठेवलेला असतो, मग नुसतं याला सोडायचं आणि त्याला धरायचं. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. तुझ्या माझ्या पायाला ते सात जन्मांत जमणार नाही. ज्यांना मॅन्युअलचा फार पुळका येतो त्यांना मी हे आधी ऐकवते. ऑटोमॅटिक आता जास्त वेगवान आहे, इंधनही वाचवते, आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत डाव्या गुडघ्याचं कल्याण करते ते वेगळंच. फोक्सवागनने आपल्या गोल्फ जीटीआयमधूनसुद्धा क्लचचं पेडल काढून टाकलं. विजेच्या गाड्यांत तर बहुधा एकच गिअर, प्रश्नच मिटला. म्हणजे ज्या गोष्टीचं कौतुक मी चार पानं करते आहे, तिच्या मुळावर गेलेल्यांच्या ताटात मीच जेवते.

पण माझं पहिलं मोठं काम काय होतं माहितीय? उतार ओळखणं. गाडी उताराला लागली आहे, ड्रायव्हर वारंवार ब्रेक लावतोय, तर वरचा गिअर घेऊ नकोस, खालीच थांब, इंजिनाला धरू दे. उताराचा कोन, वेग, ब्रेकवरचा दाब, किती सेकंद वाट बघायची, असे तक्ते भरायचे. बैठकीत सगळे आपापले आलेख घेऊन बसले होते. मला विचारलं, उतारावर कितवा गिअर धरायचा याचा आधार काय घ्यायचा? मी म्हटलं, चढताना जो लागतो, तोच आधी धरून बघू. कोणीतरी विचारलं, याला संदर्भ काय? मी म्हटलं, अनुभव आहे. तक्ते पुढे खूप बदलले, चाचण्यांत बरंच काही वेगळं निघालं, पण सुरुवात तिथून झाली. अण्णांना हे सांगायचं राहिलं. तेव्हा ते आजारी होते आणि फोनवर मी जेवणाखाणाचंच विचारत राहिले.

लेकीने गेल्या वर्षी लायसन्स काढलं. इथे आता परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही मॅन्युअल चालवता येते. त्यासाठी वेगळे दहा तास शिकायचं आणि शाळेतच एक छोटी चाचणी द्यायची. तिने दहा तास केले, कुरकुर करत. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, ‘आई, हे तिसरं पेडल मला अजिबात आवडलं नाही.’ सातव्या दिवशी म्हणाली, ‘आज गाडी बंद नाही पडली.’ दहाव्या दिवशी काहीच म्हणाली नाही, पण जेवताना डावा पाय टेबलाखाली हळूच दाबून सोडत होती. मी पाहिलं आणि बोलले नाही.

तर आता कामाचं. आम्ही दोघी २० डिसेंबरला मुंबईला उतरतोय, तिथून ट्रेनने येऊ. तोपर्यंत झेन कोणालाही देऊ नकोस. भंगारवाल्याला सांग जानेवारीत ये. क्लचची केबल बदलून घे. जुनी तुटायला आली होती, मागच्या वेळी पेडल दाबताना कुरकुर लागत होती. बॅटरी बहुतेक गेलीच असेल, चार्ज करून वेळ घालवू नकोस, नवी टाक, मी देईन. टायर बघ, पंधरा वर्षं जुने टायर घेऊन मी घाटात उतरणार नाही. ब्रेक ऑइल आणि मागची लायनर बघायला आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला सांग. त्या डेंटिंगवाल्याकडे जाऊ नकोस. फेंडर तसंच राहू दे. आणि पासिंगचे कागद गाडीत ठेव.

एक दिवस सकाळी लवकर निघू. मुंबईला घाईने जायचं असतं तर आता समृद्धीचा बोगदा आहे. जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला तेव्हा तूच व्हिडिओ पाठवला होतास. जवळपास आठ किलोमीटर डोंगराच्या पोटातून, घाट लागतच नाही. पण आपल्याला घाईने कुठेच जायचं नाही. आईला पुढे बसवू, घाटनदेवीला नारळ फोडू, कसाऱ्याला खाली उतरून चहा घेऊ आणि त्याच वाटेने नाही, पण त्याच घाटाने वर येऊ. उतरताना मी चालवीन. चढताना तुझी लेक शेजारी बसेल आणि गिअर ती टाकेल, क्लच मी दाबीन. असं अण्णांनी आपल्याला शिकवलं होतं, आठवतंय? आधी नुसता हात, मग पाय. माझी लेक मागे, तुझ्या शेजारी. नाकातल्या नाकात हसायचा हक्क या वेळी तुला नाही.

आणि दादा, निघताना चाकाखाली लिंबू ठेव.

आईला साष्टांग नमस्कार. वहिनींना सोमेश्वरचं मी लिहिलं म्हणून रागावू नका म्हणावं. चिवड्याची दोन पाकिटं आणून ठेव, घरचा नको, पंचवटीतलाच.

तुझी,
धाकटी

ता. क. त्या फेंडरचे बाराशे रुपये अण्णांनी तुझ्या तिसऱ्या पगारातून घेतले होते, हे मला ठाऊक आहे. डिसेंबरात रोख देते. व्याज मागू नकोस.